दोन डब्या, पुसलेली शाई

नुकतंच काढलेलं रक्त असलं की बल्ब हाताला कोमट लागतो. बल्ब म्हणजे दिव्याचा नव्हे. आमच्या लॅबच्या भाषेत बल्ब म्हणजे करंगळीएवढी, रबरी बुचाची काचेची बाटली. कामाच्या पहिल्या दिवशी कादरभाईंनी असा एक बल्ब माझ्या हातात ठेवला आणि तो कोमट लागल्याबरोबर मी जवळजवळ खाली टाकलाच.

"बाई, ये किसी के घर का आदमी है," कादरभाई म्हणाले. "दोनों हात से पकडो."

कादरभाई आमच्या लॅबचे सगळ्यात जुने टेक्निशियन. रोशन गेटला राहायचे, सायकलवर यायचे आणि अर्धं दखनी, अर्धं मराठी बोलायचे. मला काम त्यांनीच शिकवलं.

माझं माहेर देवगाव रंगारीचं. लग्न होऊन मी औरंगाबादला आले. तेव्हा शहराचं नाव तेच होतं आणि आमच्या पिढीच्या तोंडी अजून तेच येतं. मालक वाळूजच्या कंपनीत कामाला होते, पदमपुऱ्यात आमच्या दोन खोल्या होत्या. धाकटी मुलगी बालवाडीत जायला लागली आणि दिवसाचे सहा-सात तास एकदम रिकामे झाले. शेजारच्या बाईंनी सांगितलं की औरंगपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये खिडकीवर बसायला बाई पाहिजे. मी दहावी पास होते, अक्षर बरं होतं. तेवढ्यावर मला घेतलं. त्या खिडकीवर मी बावीस वर्षं बसले.

लॅब पहिल्या मजल्यावर, तीन खोल्यांची. जिना संपला की समोर माझी खिडकी. रक्त, लघवी, थुंकी, शौच, ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी, सगळं आधी माझ्या हातात यायचं. चिठ्ठी वाचायची, बाटलीवर नाव आणि नंबर घालायचा, तोच नंबर चिठ्ठीवर, तोच रजिस्टरात, आणि मग ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचं. तपासणारे वेगळे होते. अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टर मॅडम आत सूक्ष्मदर्शकापाशी बसायच्या. माझं काम एवढंच, की जे ज्या माणसाच्या अंगातून निघालं, ते त्याच माणसाच्या नावानं आत जावं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही सोपंच वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात एक बाई खिडकीशी आली. मी चिठ्ठी बघून विचारलं, "तुम्ही शोभा का?" ती म्हणाली, "हो." मागून कादरभाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि तिला विचारलं, "माय, तुमचं पूर्ण नाव सांगा." तिनं सांगितलं ते भलतंच निघालं. शोभा तिची जाऊ. ती बाकावर बसली होती आणि ही नुसती चिठ्ठी घेऊन पुढं आली होती.

"नाम पूछना नक्को," कादरभाई मला म्हणाले. "नाम बुलवाना. तुम्ही विचाराल, तुम्ही शोभा का, तर ती हो म्हणणार. तुम्ही विचाराल, तुम्ही लक्ष्मी का, तर बी हो म्हणणार. दवाखान्यात आलेला माणूस घाबरलेला असतो, तो समद्याला हो म्हणतो."

हे मी बावीस वर्षांत हजारदा खरं होताना पाहिलं. मीच एकदा हे विसरले, ते पुढं सांगते.

खिडकीवर माणसं काय काय घेऊन यायची त्याला हिशेब नाही. लघवी अत्तराच्या बाटलीत यायची, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत यायची. औषधाची बाटली नीट धुतलेली नसली की तपासणीत साखर निघायची आणि धडधाकट माणसाला मधुमेह व्हायचा. म्हणून बाटली नाकाशी नेऊन वास बघायची सवय लागली. घरी सुनेनं चटणीची बरणी पुढं केली तरी मी आधी वास घेते, त्यावरून हसतात सगळे.

दौलताबादहून एक आजी यायच्या. किल्ल्याखाली सीताफळं विकायच्या. त्यांच्या थुंकीची तपासणी चालू होती. डबी त्या सीताफळांच्या पाटीत, पानांच्या खाली लपवून आणायच्या, कारण बसमध्ये कुणाला दिसू नये. डबी काढून दिली की त्याच पाटीतलं एक पिकलेलं सीताफळ माझ्यापुढं ठेवायच्या. नाही म्हटलं तर त्यांचा चेहरा पडायचा, म्हणून मी घ्यायची. घरी नेऊन खाल्लं का, ते विचारू नका.

आणि सिडकोतले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना चोवीस तासांची लघवी जमा करायला सांगितली होती. पाच लिटरचा कॅन मी दिला, आज सकाळी सातपासून उद्या सकाळी सातपर्यंत सगळी यात साठवा असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सर आले ते रिकामा कॅन आणि मधाची एक धुतलेली बाटली घेऊन. बाटली अर्धी भरलेली.

"बाकीची कुठं आहे सर?" मी विचारलं.

"टाकून दिली. नमुना म्हणजे नमुना. एवढा कॅन घेऊन बसमध्ये चढायचं म्हणजे बरं दिसत नाही."

मी त्यांना समजावून सांगितलं की दिवसभरात एकूण किती झाली हे मोजल्याशिवाय त्या तपासणीला अर्थ नाही. सरांनी चष्मा पुसला, विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे टक्केवारी नको, एकूण गुण पाहिजेत."

"हो सर, एकूण गुण."

दोन दिवसांनी रिक्षातून आले. कॅन वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सोबत रेघा मारलेला कागद. त्यावर प्रत्येक वेळेची नोंद, अंदाजे मिलिलिटर आणि खाली सही. तो कागद मॅडमनी कितीतरी दिवस आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. तसं चोख काम पुन्हा कुणी आणून दिलं नाही.

लोक चिडायचेही. रक्त काढताना किंवा आणताना बाटली हिंदकळली की रक्त फुटतं, त्यावर सुटणारं पाणी लाल होतं, मग ते तपासता येत नाही. तेव्हा माणसाला पुन्हा सुई टोचायला बोलवावं लागतं. ते सांगायचं काम माझं. "तुम्हाला रक्त सांभाळता येत नाही का," असं ऐकून घ्यायचं आणि माफी मागायची. पण रक्ताचं एक बरं असतं. ते पुन्हा काढता येतं. ऑपरेशन करून काढलेली गाठ पुन्हा काढता येत नाही. ती एकदाच येते, फॉर्मलिन नावाच्या डोळे झोंबवणाऱ्या औषधात बुडवलेली, आणि त्या माणसाचं पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. म्हणून मॅडमचा नियम होता, की गाठीच्या डबीवर नाव नसलं किंवा वाचता येत नसलं, तर आपण नाव लिहायचं नाही. डबी बाजूला ठेवायची आणि आधी मॅडमना सांगायचं, मग त्या पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करतील.

मला लागून तीन वर्षं होत आली होती. हिवाळ्यातला सोमवार होता. सोमवारी गर्दी असते. सकाळी साडेअकराच्या सुमाराला जिन्यावरून एक उंच, वाळलेला माणूस वर आला. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी. खिडकीपाशी येऊन माझ्याकडं बघत राहिला.

"रामभाऊची मंगल ना तू?"

मी वर बघितलं. आमच्या गावचे पांडुरंग नाना. आमच्या शेताला लागून त्यांचं शेत. लहानपणी त्यांच्या बांधावरच्या बोरी आम्ही झोडपायचो आणि त्यांची बायको जिजाकाकू आम्हाला ओरडत बाहेर यायची, वर ओच्यात बोरं घालून पाठवायची. माहेरचं माणूस इतक्या दिवसांनी दिसलं, मला भरून आलं.

"नाना, तुम्ही इथं कसे?"

"जिजाची गाठ काढली गं. छातीत झाली व्हती. तालुक्याला डॉक्टरनं परवा काढली. ती तिथंच हाये दवाखान्यात, एकटी. सिस्टर म्हन्ली, गाठ औरंगाबादला तपासायला न्या. आन त्याच दिवशी आणखी एका बाईची गाठ काढली, तिच्या घरचं कुणी येनारं नव्हतं, तर तिची बी मलाच दिली."

नानांनी पिशवीतून दोन प्लॅस्टिकच्या डब्या काढून खिडकीच्या फळीवर ठेवल्या आणि दोन चिठ्ठ्या. डब्या ओल्या होत्या. एका डबीचं झाकण सैल झालं होतं आणि बसच्या हिसक्यांनी औषध गळून पिशवीभर झालं होतं. दोन्ही डब्यांवर चिकटपट्टीवर पेनानं नावं लिहिलेली असणार. आता तिथं नुसते निळे डाग होते. एक अक्षर लागत नव्हतं.

नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दोन्ही डब्या स्वच्छ पुसल्या आणि पुन्हा फळीवर ठेवल्या. मागं रांगेत पंधरा माणसं उभी होती.

"लवकर घे पोरी. दोनची बस गाठायची हाये. ती एकटी हाये तिथं, काल दिसभर रडत व्हती."

मला नियम माहीत नव्हता असं नाही. पण मॅडम बारापर्यंत यायच्या होत्या. तालुक्याचा फोन तेव्हा पटकन लागत नसे. डबी बाजूला ठेवली असती तर नानांना थांबवावं लागलं असतं आणि बस गेली असती. शिवाय समोर नाना होते. आपल्या गावचं माणूस खोटं कशाला सांगेल, असं माझ्या मनात आलं. ते खोटं सांगणार नव्हतेच. पण माणूस चुकू शकतो, हे त्या वेळी मनात आलं नाही.

मी डावीकडच्या डबीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही आपल्या काकूची का?"

"व्हय," नाना म्हणाले.

मी नवी चिकटपट्टी लावली आणि डावीकडच्या डबीवर जिजाकाकूचं नाव लिहिलं, उजवीकडच्या डबीवर दुसऱ्या बाईचं. दोन्हींत औषध भरलं, नंबर घातले, रजिस्टरात चढवलं. नाना जिना उतरून गेले. जाताना म्हणाले, "तू हाये म्हनून जिवाला बरं वाटलं."

रांग ओसरली तेव्हा तीन वाजले होते. मी डबा उघडला. पोळीचा पहिला घास तोंडात घातला आणि मला नानांचा टॉवेल दिसला. दोन्ही डब्या त्यांनी हातात घेऊन पुसल्या होत्या. पुसून ठेवताना कुठली कुठं ठेवली? आणि मी काय विचारलं? "ही काकूची का?" मी उजवीकडच्या डबीवर बोट ठेवलं असतं तरी नाना "व्हय"च म्हणाले असते. त्यांना बस गाठायची होती.

डबा तसाच बंद केला.

गाठी आलेल्या दिवशी कापत नसत. एक रात्र औषधात मुरू द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी मॅडम त्या कापून काचपट्ट्या करायला द्यायच्या. म्हणजे अजून वेळ होता. पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. सांगितलं तर नोकरी जाईल. मालकांच्या कंपनीत तेव्हा कामगार कपात चालली होती. नाही सांगितलं तर कुणाला कळणार? पन्नास टक्के मी बरोबरच असेन. असं मी स्वतःला समजावत होते. मग वाटायचं, आणि चुकले असले तर? दोघींपैकी एकीची गाठ वाईट निघाली, तर तिला सांगतील तुला काही नाही, जा घरी. आणि जिला काही नाही तिचं पुढचं मोठं ऑपरेशन करतील. दोघींचीही वाट लावणारी मी.

कादरभाई यंत्रात बल्ब लावत होते. हात पुसत माझ्याजवळ आले.

"क्या हुआ बाई? खाना बी नहीं खाया."

मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं. रागावले नाहीत. फळीवरच्या त्या दोन डब्यांची झाकणं त्यांनी हात लावून बघितली.

"अभी डब्बी बंद है," ते म्हणाले. "अभी बोल दो."

"नोकरी गेली तर?"

"तो जाएगी. मैं बी साथ में चलता, चलो."

आम्ही दोघं आत गेलो. मॅडम सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाल्या, "बोला." मी बोलायला लागले तशी त्यांची मान वर आली. मॅडम कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही. तेच जास्त भीतीचं वाटायचं.

"नावं तुम्ही तुमच्या हातानं लिहिलीत?"

"हो मॅडम."

"डब्यांवर आधीचं काहीच वाचता येत नव्हतं?"

"नाही."

"ते गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत?"

"माझ्या माहेरचे आहेत."

त्यांनी फोन पुढं ओढला. तालुक्याचा नंबर पाच-सहा वेळा फिरवावा लागला. अखेर ते सर्जन स्वतः फोनवर आले. मॅडमनी काही न लपवता सांगितलं, "आमच्याकडं तुमच्या दोन डब्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे. चूक आमच्या खिडकीवर झाली आहे." माझं नाव घेतलं नाही. मग विचारलं, "दोन्ही गाठींत फरक ओळखू येईल अशी काही खूण तुमच्या ऑपरेशनच्या वहीत आहे का?"

पलीकडं पानं चाळण्यात वेळ गेला. मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "जिजाबाईंच्या गाठीला, वरच्या बाजूला, काळ्या रेशमाचा एक टाका. नक्की? दुसरीला नाही? हे मला लेखी पाठवाल का?"

काही सर्जन गाठीची वरची बाजू कळावी म्हणून तिला असा दोऱ्याचा टाका घालून ठेवतात. हे मला त्या दिवशी समजलं.

फोन ठेवून मॅडमनी हातमोजे घातले. दोन्ही डब्या टेबलावर मागवल्या. आधी उघडली ती मी जिजाकाकूचं नाव लिहिलेली. चिमट्यानं गाठ वर काढली, उजेडात फिरवली. चारही बाजूंनी पाहिली. टाका नव्हता. ती परत डबीत ठेवून दुसरी उघडली. चिमट्याबरोबर गाठ वर आली आणि तिला लोंबणारं काळ्या दोऱ्याचं टोक आम्हा तिघांनाही एकदमच दिसलं.

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. कादरभाईंनी स्टूल माझ्या मागं सरकवलं.

मॅडमनी स्वतःच्या हातानं चिकटपट्ट्या बदलल्या. मग कपाटातून एक जाडी वही काढली. ती मी आधी कधी पाहिली नव्हती.

"झालं ते यात लिहा. तुमच्या शब्दांत. सही करा."

मी वही उघडली. पहिल्याच पानावर मॅडमच्या अक्षरात मॅडमची स्वतःची एक चूक लिहिलेली होती, नव्यानं लॅब सुरू केली तेव्हाची, खाली त्यांची सही. पुढं दोन पानांवर कादरभाईंची उर्दू वळणाची मराठी. मी लिहायला लागले. अर्धं पान भरलं. लिहून झाल्यावर विचारलं, "उद्यापासून येऊ का नको, मॅडम?"

"उद्या नऊला खिडकीवर बसा. तुमच्या जागी नवं माणूस आणलं तर त्याला हे सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल."

एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही. पुढच्या एकोणीस वर्षांत माझ्यावर कधी लक्ष ठेवायला कुणाला बसवलं नाही. इतका विश्वास माझ्यावर माझ्या घरच्यांनीही टाकला असेल की नाही, मला माहीत नाही.

आठवड्यानं नाना अहवाल घ्यायला आले. जिजाकाकूची गाठ कर्करोगाची होती. दुसऱ्या बाईची साधी. पाकीट बंद करून देताना नाना माझ्या तोंडाकडं बघत होते.

"चांगलं हाये ना, पोरी?"

आम्हाला सांगायची परवानगी नसते. मी म्हटलं, "नाना, आजच डॉक्टरांना दाखवा. थांबू नका." ते काय समजायचं ते समजले. पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि भिंतीला टेकले. मग म्हणाले, "राग नको मानू, पण हे दुसऱ्या कुणाचं तर नाय ना?"

"नाही नाना," मी म्हटलं. "हे काकूचंच आहे." ते वाक्य मी खात्रीनं म्हणू शकले. त्यासाठी मी कादरभाईंची आणि मॅडमची जन्माची ऋणी आहे. ते दोघं नसते तर नाना त्या दिवशी पेढे घेऊन आले असते आणि वर्षा-दोन वर्षांत जिजाकाकू गेली असती.

काकूचं मोठं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. पुढं दर तीन आठवड्यांनी केमोचं सलाईन लागायचं. त्यासाठी दोघं आदल्या दिवशी आमच्याकडं पदमपुऱ्यात येऊन राहायची. मीच तसा हट्ट धरला होता. काकूचे केस गेले, नखं काळी पडली, पाण्यालाही कडू चव लागायची. मालक काकूसाठी पेरू शोधून आणायचे, कारण तेवढाच तिच्या पोटात टिकायचा. माझी मुलगी तिच्या टकलावरून हात फिरवायची आणि काकू तिला फिरवू द्यायची. सहा सलाईनं झाली. काकू सावरली. केस परत आले ते आधीपेक्षा दाट.

नाना गावभर सांगत सुटले, "मंगल व्हती म्हनून जिजा वाचली." माहेरी गेले की बायका माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायच्या. दर दिवाळीला नानांकडून अद्रकाची गोणी यायची. मी दर वेळी ठरवायची, या खेपेला सांगायचं. आणि नाना समोर आले की तोंड उघडायचं नाही. त्यांना सांगणं म्हणजे हेही सांगणं, की डब्या तुमच्याच हातून फिरल्या. बायकोच्या जिवाशी आपल्या हातून असं झालं, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं असतं. असं मी स्वतःला सांगत होते. त्यात थोडी माझी भीतीही होती, ते आता कबूल करायला हरकत नाही.

नाना गेले. मॅडमनी लॅब आपल्या भाच्याकडं सोपवली. कादरभाई निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी वारले, त्यांच्या घरी मी गेले होते. मग मीही निवृत्त झाले.

गेल्या वर्षी जिजाकाकू तपासणीसाठी शहरात आली होती. आता नातू मोटारीतून घेऊन येतो. ऐंशीच्या घरात आहे, कान जरा मंद झालेत, बाकी ठणठणीत. दुपारी आम्ही ओसरीत शेंगा फोडत बसलो होतो. माझी सून चहा घेऊन आली तर काकू तिला म्हणाली, "तुझ्या सासूनं मला वाचवलं, ठावं हाये का तुला?"

सून आत गेली. मला ते पुन्हा ऐकवेना. मी म्हटलं, "काकू, मी वाचवलं नाही. मी तुझी डबी बदलली होती." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ओली पिशवी, पुसलेली नावं, मी ठेवलेलं बोट, नानांचं "व्हय", काळा दोरा. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट अशी ओरडून सांगताना फार विचित्र वाटत होतं.

काकू शेंगा फोडायची थांबली. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते.

"यांचं असंच व्हतं," ती शेवटी म्हणाली. "बाजारातून पिशवी दुसऱ्याची घेऊन यायचे. एकदा लग्नाहून आले ते एक पायात आपली चप्पल आन एक पायात कुणाची तरी." आणि हसायला लागली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. मग पुन्हा शेंग उचलली, पण फोडली नाही.

"आन त्या दुसऱ्या बाईचं काय झालं?"

"तिला काही नव्हतं काकू. साधी गाठ होती."

"तिला उगा आधी काही सांगून भेवाडलं तर नाय ना?"

"नाही. तिच्यापर्यंत काहीच गेलं नाही."

"नाव काय तिचं?"

मी आठवायला लागले. तिचं नाव मी माझ्या हातानं त्या डबीवर लिहिलं होतं, रजिस्टरात लिहिलं होतं, वहीत लिहिलं होतं. नोकरी जाईल का, काकूला काय होईल, नानांना कसं सांगू, एवढी वर्षं मी हेच धरून बसले होते. त्या बाईचा विचार त्या दिवसानंतर मी केलाच नव्हता. नाव आठवेना. मी तसं सांगितलं.

"नसंल आठवत तर राहू दे," जिजाकाकू म्हणाली. तिनं शेंग फोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. "खुशाल असली म्हंजे झालं."